ईशाचा डावा कौल

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच सगुणाताई पाडावे, रत्नागिरीहून वेळात वेळ काढून आलेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक अजिंक्य रहाटे सर, सत्कारमूर्ती असूनही खुर्चीच्या टोकावर अवघडून बसलेली आपली डॉ. ईशा शिवलकर, पहिल्या रांगेत बसलेले तिचे आईवडील सावित्रीवहिनी आणि हरिश्चंद्र, आणि जमलेल्या सगळ्या गाववाल्यांनो,

मी भागोजी गुरव. देवीची पूजा आमच्या घराण्याकडे, आणि नोकरी झाली एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळे माइकची भीती नाही. फक्त तिथे कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली एवढंच सांगायचं असे. आज विश्वाबद्दल बोलायचं आहे. चुकलो तर रहाटे सर सांभाळून घेतील.

पहिली सूचना दुरुस्तीची. मागच्या फलकावर 'न्यूट्रिनोंचा उगम शोधून काढणारी कोकणकन्या' असं छापलंय. ते खरं नाही. उगम ईशाला सापडलेला नाही. मंडळाच्या मुलांनी हौसेने छापून आणलं, ईशाने ते वाचलं आणि मला म्हणाली, "काका, एक तर हा फलक उतरवा, नाहीतर मला." फलक तारेने पक्का बांधलाय, म्हणून ही तोंडी दुरुस्ती.

मग सत्कार कसला करताय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं.

न्यूट्रिनो हा कण. इतका अलिप्त, की आपल्या अंगातून, जांभ्या दगडातून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार निघून जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. लाखो करोडोंतला एखादाच कुठेतरी धडकतो. तो पकडायला दक्षिण ध्रुवावर बर्फात खोल भोकं पाडून काचेचे गोळे सोडलेत, माळेत ओवल्यासारखे. कण बर्फात धडकला की निळसर उजेड होतो आणि तो हे गोळे टिपतात. त्यावरून कण कुठून आला आणि किती जोरात आला, ते कळतं. सगळ्यात जोरकस कण येतात आपल्या आकाशगंगेच्याही पलीकडून. तिथे काय उलथापालथ चालते ते उजेडातून नीट दिसत नाही, कारण उजेड वाटेत अडतो. हा पठ्ठ्या अडत नाही. बरोबर ना सर? सरांनी मान हलवली, म्हणजे पुढे जायला हरकत नाही.

ईशाचा प्रश्न एवढाच होता, की एका ठरावीक जातीच्या दीर्घिकांकडून, म्हणजे दूरच्या दुसऱ्या आकाशगंगांकडून, हे कण येतात का? आता त्यांची रीत बघा. कणांच्या खऱ्या दिशा झाकून ठेवतात. आधी प्रश्न मांडायचा, हिशेब कसा करणार ते ठरवायचं, चार शहाण्यांकडून तपासून घ्यायचं, आणि मगच झाकण काढायचं. काढल्यावर रीत बदलायची नाही. जे निघेल ते निघेल.

आपल्याकडे कौल लावताना वेगळं काय आहे? देवीपुढे चारचौघांत गाऱ्हाणं घालायचं, ओल्या पाकळ्या मूर्तीला लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रीत तीच, पण आपण पाळतो का? बांधाचा तंटा असो नाहीतर सोयरीक, डावी पडली की, "भागोजी, फूल शिळं होतं रे," "पाणी जास्त झालं रे," "परत लाव." मीही लावतो. माणसं तोंड पाडून उभी असतात, बघवत नाही. उजवी पडेपर्यंत देवीची सुटका नाही.

ईशाने अनेक वर्षं खपून झाकण काढलं, तर आत काही नाही. म्हणजे जे होतं ते निव्वळ योगायोगानेही झालं असतं. एका सहकाऱ्याने सुचवलं, यादीतल्या अंधुक दीर्घिका गाळून बघ. तिने बघितलं. जुळणीचा आकडा छान चढला. पण तो ठरलेला प्रश्नच नव्हता. तिने जगापुढे लिहून दिलं, 'या दीर्घिकांकडून काही आढळलं नाही.' डावा कौल तिने डावाच सांगितला. माझ्या मते सत्कार करावा तो याचाच.

आता दुसरी सूचना. तुमच्या निमंत्रणावर फक्त 'सत्कार' असं आहे. ईशाला ते यंत्र सांभाळायला ध्रुवावर राहायचं बोलावणं आलंय. फेब्रुवारीत शेवटचं विमान उडालं की जवळजवळ दिवाळीपर्यंत तिथे ना कुणी जात, ना कुणी येत. वहिनींना ते नको होतं. हरिश्चंद्राचा जन्म जहाजावर गेला. तो घरी येणार येणार म्हणत या बाईने ऐन उमेदीची वर्षं काढली. आता नवरा घरी आला, तर लेक निघाली. ईशाने मला सांगितलं होतं, की आई नको म्हणाली तर मी जाणार नाही. म्हणून 'निरोप' हा शब्द आम्ही छापला नाही.

परवा सकाळी वहिनी देवळात आल्या. पुढचं त्यांना विचारूनच सांगतोय. त्यांनी गाऱ्हाणं घालायला लावलं, "पोरीने जाऊ नये असं माझ्या मनात आहे, तुझीही तशीच मर्जी असेल तर उजवा दे." मी पाकळ्या लावल्या. डावी पडली, म्हणजे देवीच्या मते पोरीने जावं.

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मीच फुलाला हात घातला आणि म्हटलं, "वहिनी, पाणी जरा जास्त झालं वाटतं. परत लावतो."

त्या म्हणाल्या, "नको भावजी. झाकान काढल्यावर माझ्या पोरीन कौल बदललान नाय. मग मी कशी बदलू?"

आयुष्यभर कौल लावतोय मी. डावा कौल असा सरळ उचलून घरी नेणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. मला त्या क्षणी वहिनींचा फार अभिमान वाटला, आणि वाईटही तेवढंच वाटलं. पायरी उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडे गोधडी नेऊ देतत काय?"

ईशा, तुला हे ठाऊक नव्हतं. म्हणून इथे सर्वांसमक्ष सांगतो, की आजचा कार्यक्रम निरोपाचाही आहे.

सगुणाताईंनी मला बोलू दिलं, सरांनी विज्ञान बिघडू दिलं नाही, तुम्ही उन्हातान्हातून येऊन ऐकलंत, सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, मान कमी पडला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि वहिनी, गोधडीचं मी ईशाला सहज म्हणून विचारून ठेवलं होतं. नेऊ देतात.