चांदणीखालची ओळ

बायको : नाही, उठणार नाही. मागच्या लोकांना बसायचं असेल तर आणखी खुर्च्या मागवा. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की ही आपोआप रिकामी होईल.

साहेब : मॅडम, उत्तर मी दिलंय. सिस्टिममध्ये जे दिसतंय तेच सांगणार ना मी?

नवरा : अगं, साहेबांचंही बरोबर आहे. लोक बघतायत.

बायको : बघू देत. त्यांच्याही खिशात कार्डं असतील. साहेब, परत एकदा, साध्या शब्दांत. यांच्या क्रेडिट कार्डावर आम्ही तुमच्याच बँकेच्या मशीनमधून वीस हजार रोख काढले. पहिलं बिल यायच्या आत वीस हजार भरले. मग आज हे साडेतीन हजार कसले?

साहेब : रोख काढलीत, म्हणून. त्याच कार्डाने दुकानात खरेदी केली असतीत तर बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंत व्याज नसतं. रोखीचं तसं नाही. काढल्याकाढल्या फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

बायको : त्याच दिवसापासून?

साहेब : हो. तुम्ही मुद्दल भरलंत, पण फी आणि तोवरचं व्याज राहून गेलं. म्हणजे बिल पूर्ण भरलं नाही. म्हणून उशिराचा दंड. शिवाय बाकी राहिली की खरेदीवरची सवलतही जाते. त्या महिन्यात तुम्ही कार्डावर धुण्याची पावडर घेतलीय, पोतीच्या पोती. तिचे पैसे तुम्ही वेळेत भरलेत, तरी त्यावरही व्याज लागलं. असे चार महिने.

बायको : हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, इथवर ऐकून होते. शेपूट दर महिन्याला वाढतं, हे आजच कळलं.

साहेब : बिलं येत होती ना तुम्हाला?

नवरा : येत होती. फोनवर. म्हणजे... आम्हाला वाटलं, भरले, संपलं. उघडलीच नाहीत.

बायको : ती चूक आमची. मान्य. तुमची कोणती, ते सांगा.

साहेब : आमची? मॅडम, हा बघा अर्ज. काकांची सही आहे. आणि त्याला जोडलेल्या या अटी. अकराव्या पानावर सगळं लिहिलंय.

बायको : वाचा.

साहेब : काय?

बायको : अकरावं पान. मोठ्याने वाचा. मला कापडावरचा चहाचा डाग हातभरावरून दिसतो, पण ही अक्षरं दिसत नाहीत. तुम्ही तर तरणेताठे आहात.

साहेब : ‘रोख उचल सुविधेचा लाभ घेतल्यास, उचललेल्या रकमेवर, वेळोवेळी निश्चित करण्यात येईल अशा दराने...’ एक मिनिट हं. ‘अशा दराने अथवा किमान शुल्काने, यांपैकी जे... जे अधिक...’

बायको : मोबाइलचा टॉर्च लावू का?

साहेब : छपाई जरा लहान आहे.

बायको : तुम्ही आधी कधी वाचलं होतंत हे?

साहेब : ट्रेनिंगमध्ये मुख्य मुद्दे सांगतात.

बायको : म्हणजे नाही. विकणाऱ्याने वाचलं नाही, घेणाऱ्याने वाचलं नाही. मग लिहिलं तरी कुणासाठी?

नवरा : जाऊ दे ना. देऊन टाकू. लाँड्री बंद ठेवून आलोय आपण. दवाखान्याच्या चादरी तशाच पडल्यात.

बायको : हे असे आहेत बघा, साहेब. गिऱ्हाईक म्हणालं, एक शर्ट कमी आला, की हे पैसे देऊन मोकळे. शर्ट मग त्याच्याच घरी दाराच्या खुंटीवर सापडतो. तुमचं कार्डसुद्धा यांनी हवं म्हणून घेतलं नाही. तुमच्या दाराबाहेर एक पोरगा उन्हात टेबल मांडून बसला होता, त्याची दया आली म्हणून सही केली.

नवरा : घामाने भिजला होता गं अगदी.

साहेब : पण पैसे काढताना तरी विचारायचं होतं ना, मॅडम. आमची हेल्पलाइन आहे.

बायको : कुणाला विचारायची फुरसत होती? आमच्या मोठ्या मशीनची मोटर जळली. दवाखान्याच्या दोनशे चादरी आत, अर्धवट धुतलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोचल्या नाहीत तर बारा वर्षांचं काम हातचं गेलं असतं. मोटरवाला म्हणाला, रोख द्या, आत्ता बसवतो. आणि नेमका त्याच आठवड्यात तुमचा मेसेज आलेला. हा बघा, जपून ठेवलाय. ‘रोख हवी आहे? कागदपत्रं नकोत, वाट बघणं नको! तुमचं कार्ड आहे ना!’

साहेब : शेवटी चांदणी आहे बघा. ‘अटी लागू.’

बायको : आहे ना. आमंत्रण ठसठशीत, आणि फीच्या जागी चांदणी! आभाळातली परवडली, ती निदान अंधारात दिसते.

साहेब : रागावू नका, पण एक विचारू? तुमची लाँड्री आहे. तुमच्या पावतीमागेही बारीक अक्षरं असतीलच की. ‘रंग गेल्यास, कापड आटल्यास जबाबदार नाही.’

नवरा : आहेत. आहेत तशी.

बायको : आहेत. बरं विचारलंत. पण रंगाचा कपडा आला की मी पावती फाडायच्या आधी तोंडाने सांगते, बाई, हा रंग जाईल. पाण्यात घालू की नको, तुम्ही ठरवा. कितीजणी कपडा उचलून परत जातात. जातात तर जातात. पावतीमागचं वाक्य भांडण झालं तर दाखवायला असतं. ते गिऱ्हाइकाला गाठायला नसतं.

साहेब : काय बोलू, मॅडम? मला महिन्याला किती कार्डं खपवायची ते ठरवून दिलेलं आहे. प्रत्येकाला बसवून फी सांगत बसलो तर एकही जाणार नाही.

बायको : हे मात्र खरं बोललात. आता असंच खरं आतल्या मोठ्या साहेबांना सांगून या. म्हणावं, रोख काढायची फी आणि पैसे भरेपर्यंतचं व्याज देतो, सही आमची आहे. पण त्या शेपटाला फुटलेलं शेपूट, तो दंड आणि पावडरवरचं व्याज, ते देणार नाही. आणि कार्ड बंद करा. भीक नको, पण कुत्रं आवरा.

साहेब : विचारून बघतो. आश्वासन देत नाही हं.

(साहेब आत जातात. बऱ्याच वेळाने एक कागद घेऊन येतात.)

साहेब : काम झालं, मॅडम! खास बाब म्हणून दंड माफ, पावडरवरचं व्याजही माफ. फी आणि सुरुवातीचं व्याज, एवढंच भरायचं. कार्ड आजच बंद. काकांनी फक्त इथे सही करायची.

बायको : बघितलंत? म्हणत होतात, जाऊ दे, जाऊ दे. निम्म्याहून जास्त सुटले. करा सही, निघू या.

नवरा : हो. चष्मा दे तुझा.

बायको : सहीला कशाला चष्मा? फुली मारलीय त्यांनी तिथे.

नवरा : दे गं.

साहेब : नेहमीचाच फॉर्म आहे, काका. दिवसाला दहाजण सही करतात.

नवरा : हो, हो. म्हणजे... साहेब, हे तिसरं वाक्य. ‘कार्ड घेतेवेळी सर्व शुल्क व व्याजदर मला समजावून सांगण्यात आले होते, हे मी मान्य करतो.’

साहेब : ते छापीलच असतं.

नवरा : पण तसं झालं नाही ना. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

साहेब : काका, ती फक्त फॉरमॅलिटी आहे.

नवरा : आणि त्याच्या खाली, ‘याबाबत पुढे कोठेही तक्रार करणार नाही.’

बायको : अहो, आपल्याला कुठे करायचीय तक्रार? सुटतोय ना दगडाखालचा हात? चादरी पडल्यात तिकडे.

नवरा : नसेल करायची. पण तिसरं वाक्य खोटं आहे.

बायको : आता तुम्ही सुरू करू नका हं. मघापासून मी घसा फोडत होते तेव्हा गप्प बसलात. आता पदरात पडतंय तर...

नवरा : पैसे गेले असते तर जाऊ दिले असते मी. तुला माहीत आहे, पैशांवरून मला भांडता येत नाही. शर्टाचे पैसे देतो मी, पण ‘मी शर्ट चोरला’ असं कधी लिहून दिलं का कुणाला? माझी सही आहे ही. खोट्याखाली नाही करणार.

साहेब : काका, समजून घ्या. हा कागद गेला नाही तर माफीही जाईल. मग पूर्ण साडेतीन हजार भरावे लागतील.

नवरा : किती?

साहेब : साडेतीन हजार. आणि आजचं व्याज वेगळं.

नवरा : भरू. काय गं? भरू ना?

बायको : ...भरू.

नवरा : भरू. आणि मग तक्रारही करू. तो मेसेज आहेच हिच्याकडे. नाहीतर त्या दोन ओळी खोडा, शेजारी तुमची सही करा, मग मी करतो. दोन्हीपैकी काहीही चालेल आम्हाला.

साहेब : छापील ओळ खोडायचा अधिकार मला नाही.

नवरा : मग ज्यांना आहे त्यांना बोलवा. आम्ही बसलोय.

बायको : बसलोय म्हणजे बसलोयच. आणि साहेब, या मागच्या आजीबाईंना एक खुर्ची द्या. त्याही ऐकायला थांबल्यात.

साहेब : काकू, तुम्ही दोघं घरी पण असेच असता का हो?

बायको : छे. घरी मी एकटीच अशी असते. यांचं मलाही आजच कळतंय. मघाशी मॅडम होते, आता काकू झाले का?

साहेब : थांबा. बोलावतो मोठ्या साहेबांना. आणि... एक विचारू का, काका? खाजगी. माझंही हेच कार्ड आहे. मागच्या महिन्यात घरभाड्यासाठी मी रोख काढलीय.

बायको : अरे देवा! मग आज पगार झाला असेल तर आजच भर, बाळा. शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस. आणि नुसतं मुद्दल भरू नकोस. एकूण किती लागतात ते विचारून, पै न पै भर.

साहेब : कुणाला विचारू? इथे मीच बसतो.

नवरा : अकरावं पान वाच. टॉर्च लावून. आणि आता जा, बोलव त्यांना.

(साहेब पुन्हा आत जातात.)

बायको : अहो...

नवरा : काय?

बायको : काही नाही. पाणी हवंय का तुम्हाला?

नवरा : नको. चष्मा राहू दे तुझा माझ्याकडे.

बायको : राहू दे. आज तुम्हीच वाचा.

(साहेब कागद घेऊन परत येतात.)

साहेब : हे घ्या. खोडल्या दोन्ही ओळी. मोठ्या साहेबांची सही, शिक्का, तारीख. ते म्हणाले, पहिल्यांदाच कुणी ओळी खोडायला लावल्या. आता तरी करा सही, काका.

बायको : करा हो. दुकान उघडायचंय.

नवरा : करतो. मागची बाजू वाचून होऊ दे.