फॉर्ममधले काका

...अहो, चालता येतं मला! रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो! पण ती बाई ऐकेल तर शपथ! तुम्हाला सांगतो, म्हाताऱ्यांना विमानाने सुखरूप पोचवणारी माणसं हल्ली ठरवता येतात म्हणे, तशी ही मुलाने माझ्यासाठी ठरवलेली... निवृत्त नर्स, आवाज दणदणीत. विमानतळाच्या दारातच म्हणाली, ‘बसा व्हीलचेअरवर. फॉर्ममध्ये लिहिलंय, गुडघे गेलेत!’ सगळी रांग वळून माझे गुडघे बघायला लागली हो!

म्हटलं, बाई, ओरडू नका, ऐकू येतं मला. तर त्याहून मोठ्याने, ‘फॉर्ममध्ये लिहिलंय, कानाने कमी!’ बरं, विमानात बाथरूमला गेलो, कडी लावतोय तोच दारावर थापा... ‘काका, आहात ना? एकटं सोडायचं नाही, फॉर्ममध्ये लिहिलंय!’ आता आत दुसरं कोण माझ्या सोबतीला बसणार?

तर हे लिहिलं कुणी? मुलाने. आणि मुलाला सांगितलं कुणी?... मीच की!

अहो, काय करू? रविवारी फोन येतो, दोन मिनिटांचा. ‘बरे आहात ना बाबा? बरं, ठेवतो.’ मग मी म्हणायचो, ‘काय? ऐकू नाही आलं, परत सांग!’ तेवढीच आणखी दोन मिनिटं पदरात. गुडघे गेले म्हटलं, म्हणजे बघायला तरी येईल. आला का? मालिशचं तेल पाठवलं! एकट्याला घर खायला उठतं म्हटलं, ते मात्र खरं होतं हो... तेव्हा कुठे तिकीट आलं. वाटलं, या खेपेला म्हणेल, बाबा, आता इथेच राहा. म्हणून अख्खं कपाट बॅगेत भरलं!

उतरलो, तर घ्यायला स्वतः मुलगा! सूनबाईसुद्धा! बाईंनी फॉर्मवर मुलाची सही घेतली, मी गाडीत मागे बसलो. मनात म्हटलं, जिंकलो!

आणि सूनबाई नेहमीच्या आवाजात, माझ्यादेखत, ‘कायमचं ठेवू म्हणत होतो, पण या गुडघ्यांना, या कानांना दिवसभर कोण बघणार? आपण दोघंही कामावर.’ मुलगा म्हणतो, ‘पंधरा दिवसांनी परत पाठवू. त्याच बाईंना सांगून ठेवलंय.’

आता सांगा मंडळी, मी काय बोलू? ठणठणीत आहे म्हणावं, तर म्हणतील, मग राहा की एकटे! आणि ठणठणीत नाही म्हणावं, तर फॉर्ममध्ये लिहिलेलंच आहे...

तरी धीर करून पुढे वाकलो. म्हटलं, ‘काय रे? काय म्हणालास?’

तर आरशात बघून ओरडला, ‘काही नाही बाबा! बाहेर बघा, किती छान आहे!’

बघत बसलो बाहेर.