भूतदयेची बादली

नाही नाही, बादली आधी खाली ठेवा, भाऊ. चोंबडी म्हणा हवं तर, सगळी गल्ली म्हणतेच — तळ्याकडे बादली घेऊन कुणी निघालं की मी तव्यावरची पोळी सोडून बाहेर येते. बघू? वाटलंच मला. सकर. पेटीची काच चाटणारा मासा. आणला तेव्हा बोटाएवढा होता ना? आता पेटीत वळायला जागा नाही, मारवत नाही, लेक रडते — म्हणून तळ्यात. जीव वाचेल बिचाऱ्याचा. सगळे हेच म्हणतात हो. दुष्ट माणूस इथं एकही आला नाही आजवर, आले ते सगळे दयाळू — आणि दयाळूंनीच तळं खाल्लं.

कसं म्हणजे? हात लावून बघा त्याला. लावा. खवले कसले, चिलखत आहे. वर पंखांना काटे. जाळ्यात शिरला की सुटत नाही, ओढलं की जाळं टराटरा फाटतं. आमचे हे पहाटे जाळं टाकतात आणि दुपारभर ओट्यावर बसून ते शिवतात — जन्मभर मासे धरले त्या माणसानं, आता शिंपी झालाय. मी एकदा चेष्टेत म्हटलं तसं, तर जेवले नाहीत. जाळ्यात येतं काय? हेच ध्यान. बाजारात कुणी फुकट घेत नाही, मांजर हुंगून निघून जातं. इथले मूळचे मासे गेले — हा त्यांची अंडी खातो, तळाचं शेवाळ खातो, मग पिल्लांनी काय हवा खायची? आणि काठाला बिळं पाडतो. तो पलीकडचा काठ बघा, किडक्या दातासारखा झालाय. माझा धुण्याचा दगड गेला की आत.

तेव्हा उचला बादली अन् — काय? दुकानदारानंच सांगितलं? मोठा झाला की तळ्यात सोडा, तिथं सुखी राहील — असं?

कुठलं दुकान? बसथांब्यामागचं, निळ्या पाटीचं? नाही, मी कशाला जाते तिथं. गोड बोलतो ना तो? बोलताना गालाला खळी पडते. ती माझ्या आईची — म्हणजे, जाऊ द्या, खळी काय, कुणालाही पडते.

त्याचं तरी काय चुकलं, सांगा. तेव्हाही जाळ्यात फारसं येईना, घरात रोज धुसफूस. म्हणाला, आई, मासे धरून पोट भरत नाही, विकून भरेल — जिवंत, रंगीत. बापानं अबोला धरला. पण रविवारी येतो जेवायला. दोघं समोरासमोर बसतात, मान खाली, शब्द नाही — पण बसतात. यांना वाटतं, हे मासे वरच्या धरणातून वाहून आले. मीच सांगितलंय तसं. आता तुम्ही म्हणाल, पोराला का नाही झापत? झापलं ना. म्हणाला, गिऱ्हाईक परत आणून देतं, मी कुठं ठेवू? मी आणखी एक पोळी वाढली त्याला.

थांबा, ते आलेच. खांद्यावर जाळं आहे, तेच. बादली राहू द्या माझ्यापाशी, मी बघते त्याचं. लेकीला सांगा, सोडला. पाण्याबाहेरही लवकर मरत नाही हा, दगड घ्यावा लागतो — तुम्ही नका ऐकू ते. यांनी हटकलंच तर पत्ता विचारायला आलो होतो म्हणा. आणि दुकानाचं — नाही ना काढणार नाव? निघा मग. तिकडून नको हो, इकडून.