वितळलेला ॲक्सल

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे; एक वाक्य सोडून. माझा भाचा पुण्यात मोटारीच्या कारखान्यात आहे. गाडीचा प्रत्येक भाग बनल्यापासून भंगारात वितळेपर्यंत कुठं आहे, हे त्याचं सॉफ्टवेअर सांगतं. पर्यावरणासाठी म्हणे. मागं आमच्या गावी सास्तूरला आला आणि माझ्या बैलगाडीला भंगारातनं आणून बसवलेल्या ॲक्सलचा नंबर त्यानं सहज मोबाइलात टाकला. पोरगं पांढरंफटक पडलं.

“मामा, हा तर वितळलाय! नोंदीखाली सही माझीच हाय!”

“मग बैल काय ओढायलेत रं?”

“साहेबाला कळलं तर नोकरी गेली माझी!”

पुढं साहेब स्वतः आला, ‘वितळवण्यापेक्षा हे बरं’ म्हणाला आणि भाच्याची पाठ थोपटून गेला.

हेच ते वाक्य, माझ्या पदरचं. भाचा अजून रोज फोन करतो, “मामा, वितळला का?”