पाहुण्यांसाठी ओत क्विझीन

हॅलो? … कोण, काजल? बोल बेटा, गुरुजीच बोलून राह्यलो. … एवढी हळू काऊन बोलून राह्यली? … अस्सं. मोहिनीताईले पाहायले सिंदीचे पाहुणे आले. मग तू आत फोन घेऊन काय करून राह्यली?

काय शब्द? … हौटे? नाई गं, ते काही आडनाव नाई! अक्षरं सांग बरं. … हो, हो… अगं ऐक ना. फ्रेंच आहे ते. त्यातला एच मुका. ओत. ओत क्विझीन. म्हण. … शाबास.

ओत म्हणजे उंच. क्विझीन म्हणजे स्वयंपाक. … माळ्यावर बसून रांधत नाई, वेडाबाई! उंच म्हणजे वरच्या दर्जाचा. निवडक जिन्नस, कसलेला हात, ताटाची मांडणी चित्रासारखी. रोजच्या वरण-भाताले तो शब्द लावत नाई, कितीही गोड लागो. … कोण म्हणालं? … मुकेशमामा? तो नागपूरच्या हॉटेलातला? … त्यानं फोटो धाडला, त्यावर हा शब्द, अन् आईनं तसंच केलं. बरं.

काय केलं पण? … बासुंदी. वरून फुलाच्या पाकळ्या. … गुलाबाच्या ना? … मग कशाच्या? … तूच तोडल्या? कुठून? … कुंपणावरून.

काजल, रंग कोणता? … गुलाबी. अन् झाडाची पानं? … लांब, अरुंद. तोडलं तेव्हा चीक निघाला? …

ती कण्हेर आहे, पोरी. … देवाले वाहतो, हो. देवाले वाहिलेलं सगळं खायचं नसते. विष आहे ते. वाट्या कुठं आहेत? … समोर ठेवल्या?

धाव. … आई रागावू दे! पाहुण्यांसमोर ओरड, गुरुजीनं सांगितलं म्हण. फोन चालूच ठेव…

काजल? … कोण रडून राह्यलं? … पाहुण्यांनी नाई खाल्लं? मग? … "पहिले पोरीनं घ्यावं" म्हणाले. … अन् मोहिनीनं घेतलं. … कडू लागलं तरी गिळलं? … हो, पोरी. पाहायले आलेल्या लोकांपुढं थुंकणार कशी ती.

किती? … अख्खी वाटी.

ऐक. चूळ भरू द्या. उलटी करवू नका. ते फूल सोबत घ्या, डॉक्टरले दाखवा. … काय? मळमळते म्हणते? … पाहुण्यांची गाडी आहे ना दारात? तिच्यातच बसवा, वर्ध्याले न्या. … सोयरीक मोडली तर मोडू दे!

नाई, बेटा, तुले कोणी काही म्हणत नाई. … रडू नको. फोन ठेव. मले दवाखान्यात कळवायचं आहे. … काजल, ठेव ना… मीच ठेवतो.