टेबलफॅन परत मिळणेबाबत

विषय : घरातला एकुलता एक टेबलफॅन अर्जदाराला परत मिळणेबाबत. संदर्भ : अर्जदाराची तोंडी विनंती व त्यावर सूनबाईंचा तोंडी शेरा, ‘बाबा, एवढा फेरा संपू दे.’

हसताय काय? तुम्हाला सांगतो, आमची सून चिपमधली सर्किटं बनवते, म्हणजे हातात काहीच नसतं, सगळं संगणकात मांडलेलं, त्यातल्या एका ट्रान्झिस्टरची रुंदी जराशी वाढवायची, करंट किती वाहतो बघायचं, निकाल जपून ठेवायचा, की पुन्हा जराशी वाढवायची, पुन्हा बघायचं... आता एकच अर्ज पुन्हा पुन्हा फिरवण्यात माझी हयात गेली, मला त्याचं काय कौतुक? पण कचेरीत अर्ज फिरले की माणसं तापायची, इथे संगणक तापतो, आणि तापला की मध्येच डोळे मिटतो, म्हणून माझा पंखा त्याच्या सेवेत. विचारलं की ठरलेलं, “बाबा, एवढा फेरा संपू दे.” वर त्या सर्किटाला खोट्या खोट्या थंडीतही चालवून बघतात म्हणे. त्याला उणे चाळीस, आणि खऱ्या सासऱ्याला? आमची ही म्हणते, “अहो, ती निकाल गोळा करतेय, तुम्ही घाम गोळा करा.”

बरं, भांडावं तर उद्या सकाळी तिला तिच्या साहेबांपुढे आलेख मांडायचे, नाही जमलं तर तिचं वर्षभराचं डिझाइन दुसऱ्याच्या टेबलावर जाणार. बसलो मग वर्तमानपत्राने वारा घेत.

आज दुपारी एकदाची म्हणाली, “संपलं, बाबा.” मी आधी पंखा ताब्यात घेतला, मग पडद्यात डोकावलो. सगळ्या फेऱ्यांचे निकाल एकाच आलेखावर, आणि रेघ एकच. म्हटलं, “वा, सूनबाई, तंतोतंत जुळलं की सगळं. आमच्या ऑडिटरने उठून हात मिळवला असता.”

ती हळूच म्हणाली, “बाबा, हे जुळायला नको होतं.”

झालं होतं असं की रुंदी ती वर बदलत होती आणि आत सर्किटात जुनाच आकडा ठाण मांडून बसला होता, म्हणजे सगळे फेरे एकाच रुंदीचे.

“म्हणजे साहेबांनी परिपत्रक काढलं आणि खाली कुणी वाचलंच नाही?”

“अगदी तसंच.” हसली हो, पण डोळे भरलेले.

आता अशा वेळी माणसाने काय करावं? पंखा उचलला, संगणकाकडे तोंड करून ठेवला, बटण दाबलं. काम पहिल्यापासून सुरू आहे. मघाशी उगीच विचारून बघितलं... एवढा फेरा संपू दे म्हणाली.

मूळ अर्ज विचाराधीन आहे.