सुभद्राबाईंचा हुंकार

बसा मंडळी, बसा. मागचे जरा पुढं सरका – इतकी जागा मोकळी ठेवलीय, कुणी पाटील यायचेत का अजून? आजोबा, तुम्ही खांबाला टेकूनच बसा. तुमचा मान आहे तो.

तर आज एक प्रश्न घेऊन आलोय. घरात पोथी वाचली जाते. एकजण वाचतो, एकजण ऐकतो. दोघांत मोठा कोण? वाचणारा, की ऐकणारा?

हां! बघा, झाली कुजबुज! पुरुष मंडळी म्हणतात – वाचणारा. बायका म्हणतात – ऐकणारा! का म्हणतात तेही मला ठाऊक आहे. जन्मभर ऐकूनच घेतलंय त्यांनी!

हसू नका. उत्तर आत्ता देत नाही. आधी गोष्ट ऐका. आणि ऐकताना मधून मधून हुंकार द्यायचा. गोष्टीला हुंकार लागतो मंडळी! 'हं' म्हटलं की सांगणाऱ्याला कळतं – समोरचं माणूस जागं आहे, आपल्याबरोबर आहे. म्हणा बरं – हं! ...अहो, जोरात म्हणा, प्रसाद मिळणार आहे शेवटी!

गोदाकाठी एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं की तिथले पाव्हणे याच मांडवात निघतात, असा माझा अनुभव आहे! त्या गावात अंबादासराव राहायचे. एसटी स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर, कायम दुपारपाळीला. 'मनमाडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर...' – हा आवाज त्यांचा. काय आवाज! स्टँडवरची झोपलेली कुत्रीसुद्धा उठून दोन नंबरला जायची.

घरी त्यांच्या पत्नी, सुभद्राबाई. मुलगी रेणुका, ती लग्न होऊन नाशिकला. सुभद्राबाईंना अक्षरओळख नाही. पण गावदेवीची पोथी – एकवीस अध्याय – त्यांना ऐकून ऐकून अर्धी पाठ! कारण अंबादासराव रोज अकराच्या सुमाराला एक अध्याय मोठ्यानं वाचायचे. एकविसावा झाला की पुन्हा पहिला. चाळीस वर्षं! समोर सुभद्राबाई वाती वळत बसायच्या, आणि दर ओवीला म्हणायच्या – हं. हे थांबायचे, 'हं' आलं की पुढची ओवी.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. सुभद्राबाईंना साखरेचा आजार. जेवणाआधी अर्धा तास इन्सुलिनची सुई घ्यायची आणि मग वेळेवर जेवायचं. त्यांनी काय केलं? घड्याळाला विचारलंच नाही! सुई टोचायची, अध्यायाला बसायचं, अध्याय संपला की पोथीला हात लावून उठायचं आणि पान वाढायचं. अध्याय बरोबर अर्ध्या तासाचा. आणि घरातली शिस्त अशी की अध्याय सुरू झाला की मध्येच उठायचं नाही. पाव्हणा येवो, दूध उतू जावो – देवीसमोरून अर्ध्यातून उठायचं नाही म्हणजे नाही.

पण देह आहे मंडळी. अंबादासरावांचे डोळे गेले. म्हणजे आंधळे नाही झाले, पण डोळ्यांमागचा पडदा झिजला. चष्मे बदलले, डॉक्टर बदलले. पोथीतली अक्षरं दिसायला मुंग्या! एक दिवस त्यांनी पोथी बासनात बांधली आणि देव्हाऱ्यात ठेवली. म्हणाले, "संपलं आपलं."

दोन वर्षं! दोन वर्षं सुभद्राबाई सुई घेऊन नुसती माळ ओढत बसायच्या. तक्रार नाही केली. पण एकदा शेजारच्या मालनवहिनींना म्हणाल्या, "घरात सगळं आहे हो, पण ह्यांचा आवाज नाही." असं वाटतं ते मंडळी! ज्याला वाटतं त्यालाच कळतं.

मग आलं ते यंत्र! रेणुकानं बापाच्या वाढदिवसाला आणलं – टॅबलेट. सुभद्राबाईंनी डबा उघडला, म्हणाल्या, "अगं, ही तर पाटी!" रेणुका हसली. म्हणाली, "आई, यात सगळी पोथी घातलीय मी. बाबा, बोटांनी असं ताणा." अंबादासरावांनी ताणलं – आणि अक्षर मोठं झालं! आणखी ताणलं – आणखी मोठं! वाटाण्याएवढं, लिंबाएवढं! म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं हो. सुभद्राबाईंनी काय केलं? पाट मांडला, टॅबलेट त्यावर ठेवला, हळदकुंकू वाहायला हात उचलला – रेणुका ओरडली, "आई, भोकात जाईल!" मग कुंकू डब्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ठवणीवर – म्हणजे पोथीच्या लाकडी घोडीवर – टॅबलेट उभा राहिला. अंबादासरावांनी पहिली ओवी वाचली. थांबले. दोन वर्षांनी समोरून आवाज आला – हं.

म्हणा मंडळी, हं!

इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मी प्रसाद वाटला असता, तुम्ही घरी गेला असता. पण त्या पाटीत पोथी एकटी नव्हती ना! शेजारी सगळी जत्रा भरलेली!

आठ दिवस नेमानं वाचन झालं. नवव्या दिवशी अंबादासरावांचं बोट दुसऱ्याच चित्रावर पडलं. कुस्ती लागली! जुन्या दंगली! 'अगं, लाल मातीतली आहे!' मग एक संपली, दुसरी आपोआप सुरू. मग जुनी नाटकं. मग कुठल्या बाईनं वांग्याचं भरीत कसं केलं ते. अहो, घरातली भरीत करून वाट बघतेय, आणि हे यंत्रातलं भरीत बघतायत!

आता माझ्याकडं बघून हसू नका. माझ्याकडंही आहे टॅबलेट, खोटं कशाला बोलू? निरूपणाचं टिपण काढायला म्हणून उघडतो, आणि तासाभरानं बघतो तर हत्ती केळी खातोय! वाईट काही नाही त्यात. हत्तीनं केळी खावीत, आपण बघावीत. पण त्या यंत्राला एक शब्द शिकवलेला नाही – 'पुरे'. तो शब्द आपल्यालाच म्हणावा लागतो.

अंबादासरावांना तो म्हणता येईना. कानात ती ऐकायची बोंडं घालून बसायचे. अकराला सुभद्राबाई वातींचा कापूस घेऊन समोर यायच्या.

"अहो, अध्याय?"

"हं? थांब, एवढी कुस्ती संपू दे."

बघा! हुंकार आता कोण देतंय? आणि कशाला देतंय?

एके दिवशी सुभद्राबाई बोलल्या. शांतपणे बोलल्या, पण बोलल्या. "तुमचे डोळे गेले तेव्हा मी देवीला काही म्हटलं नाही. पण आता डोळे आहेत, पोथी आहे, तुम्ही आहात – आणि तरी वाचन नाही. आता मी कुणाला काय म्हणू?"

लागलं ते अंबादासरावांना! माणूस वाईट नव्हता. ओशाळले. पण ओशाळलेला माणूस कधी कधी सरळ वागायच्या ऐवजी हुशारी करतो. खटपट करता करता त्यांना सापडलं – कोपऱ्यात एक खूण आहे, ती दाबली की टॅबलेट स्वतःच वाचतो! मोठ्यानं!

"आता तुला माझी गरजच नाही!" खूश होऊन म्हणाले. काय बोललात हो अंबादासराव? चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला सांगायची गोष्ट आहे का ही? पण त्यांना वाटलं, आपण देणगी दिली!

सकाळी अकरा. सुभद्राबाईंनी सुई घेतली. ह्यांनी टॅबलेट ठवणीवर ठेवला, सातवा अध्याय लावला, खूण दाबली आणि निघाले. कुठं? ज्येष्ठ नागरिक संघात! तिथल्या मंडळींना सांगायला, की आमच्या घरी यंत्र पोथी वाचतं! चहा झाला, तारीफ झाली. एकजण म्हणाला, "वहिनींची काय सोय केलीत हो!" आणखी एक चहा झाला.

आणि घरी? घरी यंत्र वाचतंय. सुभद्राबाई म्हणाल्या, "हं." तोवर ते दोन ओव्या पुढं! पुन्हा म्हणाल्या, "हं." ते चार ओव्या पुढं! त्यांचा हुंकार मागंच पडायला लागला. त्यांनी वाती खाली ठेवल्या, नुसतं ऐकत बसल्या.

सातवा संपला. 'अध्याय सातवा समाप्त.' सुभद्राबाईंनी हात जोडले, पोथीला लावायला हात पुढं केला – आणि श्वासही न घेता ते यंत्र म्हणालं, 'अध्याय आठवा!'

आता काय करायचं? अध्याय सुरू झाला! उठायचं कसं? बसल्या. म्हणाल्या, एवढा होऊ दे. त्यातच गरगरायला लागलं. कपाळावर घाम. हात कापायला लागले. काच अंधारलेली, तिच्यावर घामेजलं बोट टेकवून बघितलं, काही होईना. मग त्या माउलीनं यंत्राला हात जोडले. "थांब रे बाबा. जरा थांब." यंत्राला काय कळणार? आठवा संपला. 'अध्याय नववा!'

तुम्ही म्हणाल, वेडी बाई! उठून जेवायचं ना! अहो, चाळीस वर्षं ज्या अध्यायानं उठवलं, तोच उठवीना. आणि साखर उतरली की डोकं चालत नाही, कुठल्याही डॉक्टरला विचारा.

देवीची कृपा म्हणा, मालनवहिनी विरजण मागायला आल्या. बघतात तर सुभद्राबाई भिंतीला कलंडलेल्या. शुद्ध अर्धीच, पण घोट गिळता येत होता. त्या बाईनं साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं, हाका मारल्या, गल्ली गोळा केली. अंबादासराव पळत आले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मला काही सांगता आलं नसतं."

दवाखान्यात संध्याकाळी सुभद्राबाईंनी डोळे उघडले. अंबादासराव रडत होते. स्टँड हलवणारा आवाज, आज कुजबुजीएवढा. कसेबसे म्हणाले, "अगं, उठली का नाहीस?"

त्या म्हणाल्या, "तो थांबतच नव्हता हो. तुम्ही थांबायचात."

झालं. एवढंच बोलल्या. ना राग, ना टोमणा. टोमणा असता तर अंबादासरावांनी सोसला असता. पण हे सोसवेना. डोकं खाटेला टेकून म्हणाले, "मी पोथी वाचत होतो असं मला वाटायचं गं. मी तुझ्यासाठी थांबत होतो, हे मला कधी कळलंच नाही."

मी त्या घरी जेवायला गेलो होतो मागल्या महिन्यात. हे सगळं त्यांनी स्वतः सांगितलं, काही लपवलं नाही. मी विचारलं, "मग टॅबलेट दिलात का परत?" म्हणाले, "परत कशाला देऊ महाराज? त्याच्यामुळं तर अक्षर दिसतं. चूक पाटीची नव्हती." कुस्ती बघतात अजून. बघतात! चार वाजता, चहाबरोबर, दोघं मिळून. सुभद्राबाईंना आता पैलवानांची नावं पाठ आहेत, आणि पडलेल्याची त्यांना फार दया येते!

पण अकरा वाजता? माझ्यासमोर सुई घेतली. ठवणी मांडली. हाताशी साखरेची वाटी – ती आता कायमची. अंबादासरावांनी अक्षर ताणलं, लिंबाएवढं केलं. एका पानावर एकच ओवी मावते. आठवा अध्याय होता, ज्यात घात झाला होता तोच. वाचलं:

देवी म्हणे भक्तराया ।
किती धावसी ठायाठाया ।
उंबऱ्यापाशी भेटावया ।
बैसले मी ॥

आणि थांबले. मी बघत होतो मंडळी. काचेकडं नव्हते बघत. तिच्याकडं बघत होते. जोवर समोरून 'हं' आलं नाही, तोवर पान सरकवलं नाही.

आता माझा प्रश्न. वाचणारा मोठा की ऐकणारा? द्या उत्तर! ...नाही सुचत? अहो, जो दुसऱ्यासाठी थांबतो तो मोठा! वाचणारा हुंकारासाठी थांबतो, ऐकणारा ओवीसाठी थांबतो. त्या दोन थांबण्यांच्या मधे देवी येऊन बसते, तिला दुसरी जागा नाही.

आणि तुम्ही, तिसऱ्या रांगेतल्या ताई – मघापासून मोबाइल उंच धरून माझं कीर्तन भरून घेताय. घ्या, माझी ना नाही. घरी सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना ऐकवायचं असेल. ऐकवा. पण लावून देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका. पाच मिनिटं शेजारी बसा. मध्ये बंद करा आणि विचारा, "आई, कळलं का? पाणी देऊ का?" माझ्या त्या भरलेल्या आवाजाला हे विचारता येणार नाही. माझी स्वतःची आई दोन वर्षं माझी कीर्तनं मोबाइलवर ऐकतेय, आणि मी गावोगाव थांबण्यावर प्रवचनं देत हिंडतोय. मला आधी लाज वाटली, मगच तुम्हाला सांगायला आलोय. उद्या सकाळच्या गाडीनं गावी निघालोय.

तुमच्याही घरात कुणीतरी कापूस घेऊन समोर बसलेलं असेल. म्हातारी आई असेल, बाप असेल, बायको असेल. त्यांचा 'हं' किती ओव्या मागं पडलाय, ते आज घरी जाऊन बघा.

आता टाळकरी, जरा टाळ खाली ठेवा. पेटी थांबवा. मी तीच ओवी म्हणतो आणि गप्प उभा राहतो. हुंकार आल्याशिवाय आरती नाही, प्रसादही नाही.

देवी म्हणे भक्तराया, किती धावसी ठायाठाया, उंबऱ्यापाशी भेटावया, बैसले मी...

...

हं! आला, आजोबांचा आला, खांबापासून! ऐकलं मी. लावा आता निरांजन.